शेवटचा रकाना

आमच्या शाळेतलं लोखंडी कपाट २०२३ सालच्या दिवाळीच्या सुमाराला जितक्या वेळा उघडलं, तितकं मागच्या पन्नास वर्षांत उघडलं नसेल. मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं होतं. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमलेली, वरून रोज आदेश, खाली मास्तर आणि तलाठी धुळीत माखलेले. १९६७ च्या आधीच्या वह्या काढायच्या, जातीच्या रकान्यावर बोट ठेवून खाली खाली जायचं आणि कुठं 'कुणबी' दिसतंय का ते बघायचं. मी शाळा व्यवस्थापन समितीवर 'शिक्षणप्रेमी' म्हणून आहे. दहावी शिकलेल्या शेतकऱ्याला हे पद कसं मिळालं ते विचारू नका. सहीला वेळेवर येणारं दुसरं कोणी मिळत नव्हतं. तर कपाट उघडलं की मलाही बोलावणं यायचं. आमच्या घराण्याची नोंदही त्यातच सापडायची होती, म्हणजे मी काही तिऱ्हाईत नव्हतो. आरक्षणाच्या भांडणात मात्र मी इथं शिरत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

त्या वहीला सरकारी भाषेत जनरल रजिस्टर म्हणतात. जुने गुरुजी तिला दाखल-खारीज म्हणायचे. निजामाच्या राजवटीतला शब्द, पण मला तोच जास्त खरा वाटतो. पोराचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख (निम्म्या गावाची एक जून), दाखल केल्याची तारीख, आणि पानाच्या पार उजव्या टोकाला शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण.

सगळी माणसं जातीच्या रकान्यात डोकं घालून बसलेली असताना माझं लक्ष त्या शेवटच्या रकान्याकडं जायला लागलं. 'सतत गैरहजर.' 'सतत गैरहजर.' 'परगावी गेल्याने.' 'पालकाच्या इच्छेवरून.' 'सतत गैरहजर.' गुरुजी बदलले, शाई बदलली, अक्षर बदललं, शेरा तोच. मग मी पानावर पट्टी आडवी धरली आणि जातीचा रकाना आणि कारणाचा रकाना एका ओळीत वाचत गेलो. महारवाड्यातली, मांगवाड्यातली, वडाराची, कैकाड्याची पोरं पहिली-दुसरीतच खारीज. आमच्यासारखी कोरडवाहूवाली, म्हणजे कुणबी, माळी, वंजारी, धनगर, ही चौथी ते सातवीच्या दरम्यान. पोरी सगळ्याच जातीतल्या चौथीनंतर, एकदम ओळीनं, जशी मोळी बांधावी तशी. आणि 'पुढील शिक्षणासाठी' असा शेरा असलेली नावं कोणाच्या वाड्यातली होती, ते गावाकडच्या वाचकाला सांगायला नको.

कागद म्हणतो, पोरानं शाळा सोडली. मी त्यातल्या पुष्कळांच्या बाजूला बसलेला आहे. शाळा त्यांनी एका दिवशी सोडलेली नाही. ती त्यांच्या हातून एक एक दिवस करून काढून घेतली गेली, आणि शेवटी उरलं काय तर सही.

मी १९६६ साली पहिलीत बसलो. तेव्हा आमची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. इमारत नव्हती. गुरुजी सभामंडपात खांबाला टेकून बसायचे, त्यांच्या पुढं आम्ही पोत्यावर. महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली पोरं देवळाच्या बाहेर, पायऱ्यांच्या खाली, लिंबाच्या सावलीत. अस्पृश्यता पाळणं घटनेनं बंद केलेलं होतं, १९५५ साली त्याचा कायदाही झाला होता. पण मारुतीला कोणी कायदा वाचून दाखवला नव्हता. गुरुजी माणूस वाईट नव्हते. ते परगावचे, गावाच्या भाकरीवर जगणारे. गावाच्या विरोधात जायची त्यांची पत नव्हती. ते मोठ्यानं शिकवायचे, बाहेर ऐकू जावं म्हणून. पाटीवरचं बघायला मात्र बाहेरच्यांना मान लांब करावी लागायची.

आता हिशेब बघा. पावसाची भुरभुर आली की आमची शाळा चालू आणि त्यांची बंद. ऊन लिंबाच्या पलीकडं सरकलं की ती पोरं सावलीबरोबर सरकायची, म्हणजे गुरुजींपासून आणखी लांब. आत पाण्याचा रांजण होता. बाहेरच्यांना आतलं कोणी वरून ओंजळीत ओतलं तर पाणी. नाहीतर तहान लागली की वाड्यात जाऊन पिऊन यायचं. दुपारी पाणी प्यायला गेलेलं पोर परत येईलच असं नाही. घरी आई म्हणायची, आलाच हायस तर जरा शेळी धर. असा अर्धा दिवस गेला. आठवड्यात असे तीन अर्धे दिवस. गुरुजी हजेरीत खाडा मांडायचे, आणि वर्षाअखेर परीक्षा सगळ्यांना एकच. नापास कोण होणार हे सांगायला इन्स्पेक्टर कशाला लागतो?

पुढं मोठेपणी मी जे काही वाचलं, त्यात दोन गोष्टींनी मला थांबवलं. एक म्हणजे जोतिरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं मांडलेलं म्हणणं. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामानं आणि तिच्यातून शिकतात वरच्या जातींची पोरं, हा त्यांचा हिशेब. खेड्यातल्या पोरांसाठी त्यांनी सक्तीचं शिक्षण मागितलं होतं. त्याच जोतिरावांनी १८७३ मधलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या माणसांची गुलामी मोडली त्यांना अर्पण केलं. कुठं पुणं आणि कुठं अमेरिका, पण त्यांना दुखणं एक दिसलं. दुसरी गोष्ट त्याच अमेरिकेची. काळ्या आणि गोऱ्या पोरांच्या वेगवेगळ्या शाळा घटनेविरुद्ध आहेत असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली सांगितलं. वाचताना मला वाटलं, आमच्याकडं तेवढीसुद्धा सोय नव्हती. आमची शाळा एकच होती, गुरुजी एकच, रजिस्टर एकच. फरक फक्त चार पायऱ्यांचा. कोर्टात जाऊन कोण काय सांगणार?

कोल्हापूरकडच्या लोकांचं नशीब निराळं. शाहू महाराजांनी तिथं १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि दोन वर्षांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकत्र बसवायचा हुकूम काढला. आम्ही निजामाकडं. आमचा मुलूख १९४८ साली सुटला, आणि गावात शाळा आली १९५१ ला. ही तारीख ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

त्या लिंबाखाली मांगवाड्यातला एक पोरगा बसायचा. नाव लिहीत नाही. तो अजून आहे आणि त्याला असलं काही छापून आलेलं आवडायचं नाही. गुरुजी आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी म्हणायला लावायचे. आम्ही आतून कोरसात ओरडायचो, कुठंतरी अडकायचो. अडकलो की बाहेरून एक बारीक आवाज पुढचं म्हणून मोकळा व्हायचा. पाऊणकी तर त्याला पाण्यासारखी यायची. गुरुजी हसायचे आणि म्हणायचे, "आरं, आतल्यांनो, बाहेरच्याकडून शिका." तो बाहेरूनच 'जी' म्हणायचा. १९६९ ला दोन खोल्या झाल्या, पायरी गेली. तो आत आला आणि भिंतीकडच्या शेवटच्या ओळीत बसला. त्याला तिथं बस असं कोणी सांगितलं नव्हतं.

पाचवीपासून शाळा तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावी. माझी थोरली बहीण चौथीला पहिली आली होती. तिची शाळा त्या तीन किलोमीटरांनी संपवली. रजिस्टरात तिच्या नावापुढं 'पालकाच्या इच्छेवरून' आहे. तिच्या इच्छेचा रकाना नाही. आम्ही दोघं मात्र जोडीनं जायचो, तो आणि मी. पाचवीत इंग्रजी सुरू झालं. एबीसीडी दोघांनाही सारखीच परकी. ओढ्यापर्यंत आम्ही गळ्यात हात घालून जायचो. गाव दिसायला लागलं की तो आपोआप दहा पावलं मागं राहायचा.

आणि मग १९७२ आलं.

त्या दुष्काळावर आमच्या वयाच्या माणसानं किती लिहावं? लाल मिलो, सुकडी, तलावाचं काम, खडीचे ढीग. सगळं गाव खडी फोडायला बसलं होतं. पाटलाच्या सुनासुद्धा डोक्यावरून पदर घेऊन ओळीत बसल्या होत्या. लोक म्हणतात, बहात्तरनं गरीब-श्रीमंत एक केलं. कामावर एक केलं हे खरं. शाळेत एक केलं नाही. मी तेव्हा सातवीत. आमची सहा एकर कोरडवाहू. विहीर आटलेली, एक बैल मेलेला. वडील शाळा बंद करायला निघाले होते. पण माझे मामा तालुक्याच्या गावी पेढीवर दिवाणजी होते. ते आले आणि मला घेऊन गेले. दोन वेळची भाकरी, झोपायला पडवी, अभ्यासाला कंदील. माझं शिक्षण टिकलं ते मामामुळं. मी हुशार होतो म्हणून नाही. हुशार दुसरा होता.

त्याला मामा होता, पण तोही खडीवरच होता. गरिबा-गरिबात हा फरक असतो, तो पुस्तकात येत नाही. एका गरिबाचा एखादा पाव्हणा तरी अंधारातून वर आलेला असतो, पेढीवर, एसटीत, पोलिसात. दुसऱ्या गरिबाचे सगळे पाव्हणे त्याच अंधारात. सावकार जमिनीवर पैसे देतो. माझ्या वडलांकडं गहाण टाकायला सहा एकर होती. त्याच्या बापाकडं हात होते. दसरा झाला आणि मुकादमानं त्या हातांवर उचल दिली. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरगा दहा-बारा वर्षांचा, म्हणजे वाढे बांधायला, बैल धरायला, धाकटी संभाळायला. टायरगाडी नगर जिल्ह्यातल्या कारखान्याकडं गेली.

मार्चअखेर परत आला तेव्हा सातवीची परीक्षा तोंडावर. तो शाळेत गेला होता असं मला नंतर कळलं. मास्तरांनी त्याला रजिस्टर दाखवलं. नाव कमी झालेलं होतं. 'सतत गैरहजर.' तो घरी आला आणि बापाला म्हणाला, "आता बैल माझ्याकडं द्या."

मी तालुक्याच्या हायस्कुलात आठवीत गेलो. तिथं एक प्रकार बघितला, तो माझ्या मनातून कधी गेला नाही. मी ईबीसी होतो. यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेली ती फीची सवलत. जात कोणतीही असो, उत्पन्न कमी असलं की मिळायची. तलाठ्याचा दाखला जोडायचा, शिपाई अर्ज गोळा करून न्यायचा, संपलं. निम्मा वर्ग ईबीसी होता. पण मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीचे कागद आले की क्लार्क वर्गाच्या दारात यायचा आणि मास्तर म्हणायचे, "बीसीची पोरं उभी राहा." चालू तासात पाच-सहा जण उभे राहायचे. नावं घेऊन घेऊन सह्या. मागून कोणीतरी खुसखुसायचं, "आले जावई." पैसे दोघांनाही सरकारचेच. आमचे पैसे म्हणजे सवलत आणि त्यांचे म्हणजे फुकट, हे आम्हाला कोणत्या धड्यात शिकवलं होतं? आम्हाला उभं राहायला कधीच कोणी सांगितलं नाही. एक पोरगा वसतिगृहातून यायचा, त्यानं नववीत तो तास चुकवायला सुरुवात केली. तास गणिताचा होता. दहावीला तो गणितात गेला.

दहा-दोन-तीनचा नवा आकृतिबंध आलेला होता. नव्या पद्धतीची पहिली दहावी मार्च १९७५ ला झाली, आमची दुसरी. पहिलीला मारुतीच्या देवळात आम्ही आत-बाहेर धरून चाळीसच्या आसपास होतो. १९७६ च्या मार्चमध्ये दहावीला बसलो तिघं. पास झालो दोघं. दुसरा पाटलाचा. तो पुढं शिकला. मी घरी आलो, कारण तोवर वडलांची छाती गेली होती आणि सहा एकरला माणूस पाहिजे होता. माझ्या दाखल्यावर 'दहावी उत्तीर्ण' आहे. त्या शेऱ्याखाली मामाची पडवी, सहा एकर आणि देवळाच्या आतली जागा हे सगळं लपलेलं आहे.

तो पोरगा, आता म्हातारा, पंचेचाळीस हंगाम ऊस तोडून आला. टोळीत त्याला मास्तर म्हणतात. वजनकाट्यावरची पावती मुकादमाच्या हातात पडायच्या आत हा टन-क्विंटलचा हिशेब तोंडी सांगून मोकळा. एकदा काट्यात घोळ आहे हे त्यानं नुसत्या मोळ्या मोजून ओळखलं होतं. त्याचं बक्षीस म्हणून पुढच्या वर्षी त्या मुकादमानं त्याला टोळीत घेतलं नाही. पाऊणकी त्याला अजून येते.

त्याची नात बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. आईबाप तोडीला, पोरगी आजीजवळ राहून शिकली. नर्सिंगला नंबर लागला, अनुसूचित जातीच्या जागेवर. आणि मग जात पडताळणी. शहरातल्या वाचकाला वाटेल, जातीचा दाखला आहे ना, मग आणखी काय? दाखला वेगळा आणि पडताळणी वेगळी. पडताळणीला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे जो जितका खाली, त्याला तितका जुना कागद.

तो माझ्याकडं आला. म्हणाला, "बापू, तुमी कमिटीवर हाव. आमचं कायतरी निघतंय का बगा की."

कपाट तेव्हा उघडंच होतं. आमची नोंद एका दुपारी निघाली. चुलत आजोबा १९५२ ला पहिलीत बसलेले, जातीच्या रकान्यात 'कुणबी', ठळक. १९६७ च्या आधीचं, म्हणजे काम झालं. त्याची नोंद मी स्वतः शोधली. १९६६, माझ्या खाली अकरावी ओळ. पण ती चालत नव्हती. त्याच्या बापाची नाही, कारण बाप शाळेत गेलाच नव्हता. आणि गेला असता तरी काय? शाळाच आली १९५१ ला. १९५० च्या आधीचं रजिस्टर या गावात कोणाकडून आणणार? सातबारा नाही, कारण जमीन नाही. कोतवाल बुकाची त्या वर्षांची पानं वाळवीनं खाल्लेली, जी आहेत ती उर्दूत. ज्याच्या बापाला आपण शाळेत घेतलं नाही त्यालाच आपण विचारतो, बापाचा शाळेचा दाखला कुठंय?

तो रजिस्टरकडं बघत उभा होता. मी पट्टी सरकवली तसं त्याला शेवटच्या रकान्यातलं दिसलं. त्यानं अक्षर लावून वाचलं. "सतत गैर-हजर." मग म्हणाला, "हितंच तर व्हतो की. बाहीर बसलो व्हतो." बाजूला बसलेल्या तरुण मास्तरांना ते कळलं नाही. त्यांचा जन्म नव्वदीतला.

शेवटी गृहचौकशी झाली, गावातल्या चार म्हाताऱ्यांचे जबाब झाले, त्यातला एक मी. सात महिने गेले, पण पोरीला प्रमाणपत्र मिळालं. तोवर कॉलेजानं फी भरून घेतली होती. शिष्यवृत्ती जमा झाली की परत करू म्हणाले. ऑनलाइन अर्ज, आधार, बँक, कधी सर्व्हर बंद, कधी अर्ज 'प्रलंबित'. फीचे पैसे तिच्या बापानं पुढच्या हंगामाची उचल घेऊन भरले. म्हणजे पोरगी शिकायला गेली आणि तिच्या शिक्षणावर एक कोयता गहाण पडला. सुट्टीत आली तेव्हा मला म्हणाली, "आबा, वर्गात सगळ्या इंग्रजीत बोलतेत. मी शेवटच्या बाकावर बसते." मी विचारलं, कोणी बसवलं का तिथं? म्हणाली, नाही.

गावातली शाळा आता चांगली रंगवलेली आहे. पाण्याची टाकी सगळ्यांना एक आहे, खिचडी सगळी पोरं एका पंगतीत खातात. आमच्या वेळी हे स्वप्नातसुद्धा नव्हतं आणि ते आपोआप झालेलं नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९ ला आला, सहा ते चौदा वयाच्या पोराचं नाव आता सहज कमी करता येत नाही. आठवीपर्यंत नापासही करत नव्हते. मग फरक गेला का? मला विचाराल तर त्यानं जागा बदलली. सकाळी आठला वेशीवर पिवळी गाडी येते आणि ज्यांना झेपतं त्यांची पोरं इंग्रजी शाळेला घेऊन जाते. माझा नातूही त्याच गाडीत बसतो; त्यावरून सुनेशी वाद घालायची माझी टाप नाही आणि तिचं म्हणणं खोटंही नाही. मागं शाळेत उरतात ती पारध्याची, मांगवाड्याची, तोडीवाल्यांची आणि अगदी हातावरच्या मराठ्या-वंजाऱ्यांची लेकरं. पट कमी झाला की वरून पत्र येतं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायची टूम निघाली होती. पुन्हा तेच तीन किलोमीटर.

२०२० ला कोरोनात 'शाळा बंद, शिक्षण सुरू' असं म्हणत होते. मोबाइलवर अभ्यास यायचा. तोडीवाल्याच्या घरात एक मोबाइल, तो बापाच्या खिशात, बाप फडात. शाळा उघडली तेव्हा तिसरीतली पोरं पाचवीत गेली होती आणि त्यांना जोडाक्षर येत नव्हतं. पिवळ्या गाडीतल्या पोरांचंही नुकसान झालं, नाही असं नाही. पण त्यांच्या आया दुपारी समोर बसून घेत होत्या. आठवीपर्यंत ढकलत आणलेलं पोर नववीत भागाकाराला अडतं, शिकवणीला पैसे नाहीत, आणि मग तो म्हणतो, मला नाही शिकायचं. बाप सांगतो, त्यालाच गोडी नाही हो. मी ऐकून घेतो. पोरींचं तर हंगामाच्या आधी लग्नच उरकतात. नवरा-बायको झाले की एक कोयता पुरा होतो, उचल मिळते.

ह्याला उपाय म्हणून हंगामी वसतिगृह असतं. वसतिगृह नाव मोठं आहे. आमच्याकडं म्हणजे मायबाप गेल्यावर पोर आजीजवळ किंवा नातलगाकडं राहतं आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतं. योजना चांगलीच आहे, तिच्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर पोरं दहावीपर्यंत पोचली. अडचण एवढीच की टोळ्या जातात ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मंजुरीचा कागद येतो त्याच्या बऱ्याच पुढं. मधले दिवस कोणी खायला घालायचं? आई म्हणते, कागद आला की ठेवते. कागद यायच्या आत ट्रॅक्टर येतो. म्हणून गेली तीन वर्षं आम्ही समितीवाले किराणा दुकानदाराशी बोलून ठेवतो. तो उधारीवर तांदूळ, डाळ, तेल देतो. मी माझी ज्वारी घालतो, मास्तर पदरचे पैसे घालतात, जेवण बनवणाऱ्या बाई पगार मागून घेतात. दुकानदार कुरकुरतो, पण देतो. त्याचा बाप लिंबाखाली बसणाऱ्यांतलाच.

यंदा भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टोळ्या निघाल्या. आदल्या रात्री मास्तर आणि मी घरोघर फिरलो. मास्तरला हे काम अवघड जातं, तो परजिल्ह्यातला आहे. लोक त्याला चहा देतात आणि विषय बदलतात. बारा वर्षांच्या एका पोरीच्या आईनं सरळ सांगितलं, "ह्या धाकट्याला कोपीवर कोण बगंल? तुमी येता का?" यावर मास्तरकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. सहा महिन्यांचं लेकरू फडाच्या बांधावर एकटं झोपवून येत नाही हे मलाही कळतं. शेवटी त्या पोरीची आजी म्हणाली, धाकट्याला पण हितंच ठेव, शेळीचं दूध हाय. आईनं रात्रभर विचार केला असावा. पहाटे ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन ओट्यावर उभी होती, आणि आई ट्रॉलीत पाठ करून बसली होती.

अकरा पोरं राहिली, सतरा गेली. गेलेल्यांच्या पालकांच्या हातात मास्तरनं शिक्षण हमी कार्ड दिलंय. तिकडच्या शाळेत दाखवलं की बसू देतात, शाळा जवळ असली तर. दहा वाजता शाळा भरली. मास्तरनं हजेरी घेतली. सतरा नावं त्यानं खोडली नाहीत. प्रत्येकापुढं पेन्सिलीनं कारखान्याचा तालुका लिहिला. संध्याकाळी मी आणि ती पोरगी दुकानातून अर्धं पोतं तांदूळ आणलं. धाकटा तिच्या पाठीवर झोपला होता. तिनं विचारलं, "आबा, ह्याला संगं घेऊन वर्गात बसलं तर मास्तर रागावतेत का?"

मी म्हणालो, "आत बस. दाराजवळ बसू नकू, गार लागंल त्याला."